सह्याद्री हिमालयाकडे गेला, पुढे काय?

'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, टाळ्या, विषय संपला! पण सह्याद्रीला तिथे जाऊन नेमकं काय निस्तरावं लागलं? चीनशी हरलेलं युद्ध तर होतंच. शिवाय मंत्री आणि सेनापती यांच्यातला विश्वास पार तुटला होता.

जरा मागे जाऊ. ३१ ऑगस्ट १९५९ ला लष्करप्रमुख जनरल थिमय्यांनी राजीनामा दिला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी त्यांचं बिनसलं होतं, त्यात बढत्यांचा वाद. नेहरूंनी समजूत घालून राजीनामा मागे घ्यायला लावला आणि २ सप्टेंबरला संसदेत ठणकावलं, की नागरी सत्ताच श्रेष्ठ. तत्त्व शंभर टक्के बरोबर. शेजारी पाकिस्तानात आदल्याच वर्षी अयूब खान सत्तेवर बसले होते. पण मूळ दुखणं तसंच राहिलं. वरच्या मर्जीतले जनरल कौल भराभर चढत गेले आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये नेफा आघाडीवरच्या चौथ्या कोअरची सूत्रं त्यांच्याकडे आली. लढाईत सैन्य हाताळल्याचा अनुभव नसताना. पुढचं आपल्याला माहीतच आहे.

नोव्हेंबरमध्ये चव्हाण दिल्लीत पोचले. त्यांनी काय केलं? रोज सकाळी तिन्ही दलप्रमुख आणि सचिवांना एकत्र बसवायला सुरुवात केली. वाचायला अगदी साधं वाटतं, पण एकमेकांशी बोलणंच बंद झालेल्या टीमसाठी हाच खरा उपाय असतो, हे आपल्या धंद्यातल्या कुणालाही पटेल.

त्याचं फळ १ सप्टेंबर १९६५ ला दिसलं. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग विमानं वापरायची परवानगी मागायला आले. चव्हाणांनी काही मिनिटांत होकार दिला. विमानं कुठली, किती, हे त्यांनी ठरवलं नाही. त्या संध्याकाळी आपली चार व्हँपायर विमानं पडली, तरी निर्णयाची जबाबदारी मंत्र्याचीच राहिली.

पण चव्हाणांच्याच काळातली दुसरी बाजूही बघायला हवी. १९६२ च्या पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या अधिकाऱ्यांनी केली, तीही फक्त लष्कराच्या कामगिरीपुरती. मंत्र्यांचे निर्णय तिच्या कक्षेबाहेर होते. चव्हाणांनी १९६३ मध्ये संसदेत निष्कर्षांचा सारांश सांगितला, अहवाल मात्र गोपनीय ठेवला. २०१४ मध्ये त्याचा काही भाग फुटला. सरकारने तो अजूनही खुला केलेला नाही.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. देवरी, सालेकसा भागाने नक्षलवादाची कित्येक वर्षं पाहिली. तिथे एकीकडे निवडून दिलेली ग्रामपंचायत आणि दुसरीकडे पोलिसांचं सशस्त्र दूरक्षेत्र. बंदूक कशी चालवायची हे पोलिसांनीच ठरवावं, त्यात सरपंचाने किंवा आमदाराने पडू नये. पण ती कशासाठी चालवायची आणि चुकलं तर उत्तर कोण देणार, हे मतं मागणाऱ्यांनीच सांगायला हवं. नागरी सत्ता श्रेष्ठ म्हणजे नुसता हुकूम सोडायचा अधिकार नव्हे. हिशेब देणंही त्यातच आलं, आणि १९६२ चा अर्धा हिशेब अजून कपाटात आहे.

असो. तुम्हाला काय वाटतं?