फिरत्या टेबलावरचा प्रकाश

१९१३ साली जॉर्ज सान्याक या फ्रेंच शास्त्रज्ञाने एका फिरत्या टेबलावर दिवा, आरसे आणि छायाचित्राची काच असे सगळेच बसवले. एका झोताचे दोन भाग त्याने एकाच बंद वाटेने, पण परस्परविरुद्ध दिशांनी फिरवून पुन्हा एकत्र आणले. टेबल फिरू लागले की व्यतिकरणाचे पट्टे सरकत. ईथर सापडला, असे त्याने जाहीर केले!

पण माक्स फॉन लाउए याने १९११ मध्येच दाखवले होते, की ईथर माना किंवा सापेक्षता, पट्टे सरकणारच. जमिनीवरून पाहू. झोत वाटेत असताना आरसे पुढे सरकतात, म्हणून टेबलाच्या दिशेने जाणाऱ्या झोताला जास्त अंतर पडते, उलट जाणाऱ्याला कमी. वेग दोघांचा एकच. वाद निकाली काढण्याचे सामर्थ्य या प्रयोगात नव्हतेच.

आम्हांला याहून आवडतो तो १९२५ चा प्रयोग. मायकेलसन व गेल यांनी पृथ्वीलाच टेबल केले : इलिनॉयमध्ये निर्वात नळांचा सुमारे ६१२ मीटर लांब, ३३९ मीटर रुंद आयत. अपेक्षित सरक ०.२३६ पट्टा, मिळाली ०.२३०. पण पृथ्वी थांबवता येत नाही. मग सरक मोजायची कुठून? त्यांनी शेजारी एक छोटा आयत जोडला. त्याचे क्षेत्रफळ इतके कमी, की त्याचे पट्टे जवळजवळ जागचे हलत नाहीत.