मधाची दारू, निळा रंग आणि तीन वर्षांची वाट

मीड म्हणजे मध पाण्यात कालवून, आंबवून केलेली दारू. पोलंडमध्ये ती मध-पाण्याच्या प्रमाणावरून ओळखतात. एक भाग मधाला अर्धा भाग पाणी म्हणजे पुवतोराक, एकास एक म्हणजे द्वुयन्याक, एकास दोन त्रुयन्याक आणि एकास तीन च्वुर्न्याक. 2008 मध्ये युरोपियन युनियनने या चारही प्रकारांची पारंपरिक पदार्थ म्हणून नोंद केली. त्यात मुरवण्याचा किमान काळही ठरलेला आहे: च्वुर्न्याकला नऊ महिने, त्रुयन्याकला एक वर्ष, द्वुयन्याकला दोन आणि पुवतोराकला तीन.

आता प्रश्न असा, की एवढ्या काळात अँटिऑक्सिडंट वाढतात की घटतात? उत्तर देण्याआधी आपण ते मोजतो कशाने, हे बघू. खरी गंमत तिथेच आहे.

आपण सर्रास वापरतो ते फोलिन-सिओकाल्टू अभिकर्मक 1927 सालचं. ओटो फोलिन आणि विंटिला सिओकाल्टू यांना मोजायचे होते प्रथिनांमधले टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन. दारूशी त्यांचा काही संबंध नव्हता. 1965 मध्ये सिंगलटन आणि रॉसी यांनी ही पद्धत वाइनमधल्या फिनॉलसाठी बसवली. डीपीपीएच चाचणी ब्लॉइस यांची, 1958 ची. त्यात जांभळा रंग उतरत पिवळट होतो.

म्हणजे पद्धती उसन्या आहेत. फोलिनचा निळा रंग फक्त फिनॉलमुळे येत नाही. इलेक्ट्रॉन देणारं काहीही चालतं: क्षपणकारी शर्करा, सल्फर डायऑक्साइड, व्हिटॅमिन सी. कोरड्या वाइनमध्ये साखर जवळपास नसते, पण पुवतोराकमध्ये आंबवल्यानंतरही भरपूर उरते.

साठवणीत गुंता आणखी वाढतो. ऑक्सिजन, उजेड आणि उष्णतेमुळे मधातून आलेले फिनॉल झिजतात, एकमेकांना चिकटतात. त्याच वेळी शर्करा आणि अमिनो आम्लं यांच्या मेलार्ड अभिक्रियेतून तपकिरी मेलानॉयडिन तयार होतात आणि आम्लात फ्रुक्टोजपासून एचएमएफ. मेलानॉयडिनही डीपीपीएचचा रंग उतरवतात. म्हणून आकडा तसाच राहिला किंवा वाढला, तरी मूळ फिनॉल टिकले असं म्हणता येत नाही. मध-पाणी आधी उकळलं असेल तर हे तपकिरीपण पहिल्या दिवसापासूनच असतं.

अशा आकड्यांचं पुढे काय होतं, तेही बघा. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या ओरॅक मूल्यांची यादी 2012 मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. परीक्षानळीतल्या आकड्यांवरून शरीरातला परिणाम ठरत नाही आणि कंपन्या ते जाहिरातीत वापरत होत्या, हे त्यामागचं कारण.

तेव्हा या विषयावर प्रस्ताव लिहिणार असाल तर एवढं कराच. शून्य दिवसाचा नमुना जपून ठेवा. तेवढ्याच शर्करेचं, मध नसलेलं द्रावण सोबत चालवा. एकच बॅच अंधारात आणि उजेडात, दोन तापमानांना ठेवा. एचपीएलसीवर फिनॉल वेगवेगळे मोजा, एचएमएफही मोजा. आणि निष्कर्षात ‘आरोग्यदायी’ लिहायचा मोह झाला, तर हात आवरा. निळा रंग फक्त इलेक्ट्रॉन मोजतो.