नील-हरित शैवलांतील जैवसक्रिय संयुगांचा शोध

नील-हरित शैवले म्हणजेच सायनोबॅक्टेरिया यांच्या अर्कातून पेशींवर परिणाम करणारी संयुगे हुडकण्याची पद्धत. अर्क कर्कपेशी वा रोगजंतूंवर तपासतात. तो प्रभावी ठरल्यास वर्णलेखनाने, म्हणजे मिश्रणातील घटक विलग करण्याच्या तंत्राने, त्याचे भाग पाडून शुद्ध संयुग हाती येईपर्यंत प्रत्येक भागाची पुन्हा परीक्षा घेतात. ज्ञात संयुगेच वारंवार सापडणे, ही यातील खरी अडचण होय. या शोधाचे सर्वांत बोलके उदाहरण डोलास्टॅटिन-१० चे आहे: समुद्रससा या मृदुकाय प्राण्यातून मिळालेल्या या पेप्टाइडाची संरचना १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली, परंतु २००१ मध्ये पलाऊ येथील सिंप्लोका या सायनोबॅक्टेरियांच्या प्रजातीत ते आढळल्यावर त्याचे मूळ त्या प्राण्याच्या आहारातील सायनोबॅक्टेरियांत असल्याचे स्पष्ट झाले. त्याच्याच धर्तीवर संश्लेषित केलेले संयुग प्रतिपिंडाला जोडून बनवलेले ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन हे हॉजकिन लिंफोमावरील औषध अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झाले.