आकाशाचे मौन आणि आकाशातील अपघात



कामगार चळवळीतल्या माणसाने ताऱ्यांवर काय बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. माझी विद्या सार्वजनिक ग्रंथालयातील, तीही पाळी संपल्यावर मिळविलेली. पण एका गोष्टीशी माझा आयुष्यभर संबंध आला आहे. ती म्हणजे अपघात. आजचा विषयही अपघातांचाच आहे. फक्त त्यांचा आवाका मोठा आहे.

१९५० सालचा उन्हाळा. अमेरिकेतील लॉस अ‍ॅलमॉस येथे, जेथे पहिला अणुबाँब तयार झाला त्याच गावी, एन्रिको फर्मी हा शास्त्रज्ञ टेलर, यॉर्क आणि कोनोपिन्स्की या सहकाऱ्यांबरोबर जेवावयास बसला होता. बोलता बोलता त्याने मध्येच विचारले, की मग ते सगळे आहेत तरी कुठे? ते म्हणजे परग्रहांवरील जीव. प्रश्न थट्टेचा वाटला, पण त्यामागे हिशेब होता. आपल्या आकाशगंगेची रुंदी सुमारे एक लाख प्रकाशवर्षे. प्रकाशाच्या शंभराव्या हिश्शाच्या वेगाने जाणारे यान ती सुमारे एक कोटी वर्षांत ओलांडील. आकाशगंगेचे वय तर हजार कोटी वर्षांहून अधिक. म्हणजे कोणीतरी केव्हाच येथे येऊन पोहोचावयास हवे होते. १९६० साली फ्रँक ड्रेक याने ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बिणीने जवळच्या दोन ताऱ्यांकडे कान लावला. हाती काही आले नाही. पुढे कितीतरी दुर्बिणींनी ऐकले. आकाश अद्याप मुके आहे.

या मौनाची जी अनेक उत्तरे पुढे आली, त्यांतील एक असे, की जीव निर्माण होतात, पण आकाशातील संकटे त्यांना वाढू देत नाहीत. हे उत्तर गंभीरपणे घेण्यास विज्ञानाला बराच काळ लागला. फ्रान्सच्या क्यूव्हिए याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पृथ्वीवर महान उत्पात होऊन गेल्याचे सांगितले होते. परंतु १८३० ते १८३३ या काळात स्कॉटिश भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायल याचा ग्रंथ निघाला आणि सर्व बदल हळूहळू, कणाकणाने होतात, हे मत रुजले. मग कोणी अकस्मात संकटाचे नाव काढले की विद्वान हसत.

हे हसू १९८० साली थांबले. लुइस अल्वारेझ, त्याचा भूशास्त्रज्ञ मुलगा वॉल्टर आणि त्यांचे सहकारी फ्रँक असारो व हेलन मिशेल यांनी इटलीतील गुब्बिओ येथील मातीचा एक पातळ थर तपासला. पृथ्वीच्या कवचात दुर्मिळ, पण अशनींत विपुल असणारा इरिडियम हा धातू त्यांना त्यात अपेक्षेबाहेर सापडला. सुमारे १० किलोमीटर व्यासाचा पिंड पृथ्वीवर आदळला असला पाहिजे, असे त्यांनी अनुमान काढले. १९९१ साली मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे सुमारे १८० किलोमीटर रुंदीच्या गाडल्या गेलेल्या विवराची ओळख पटली. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या त्या अरिष्टात जीवांच्या सुमारे तीन चतुर्थांश जाती नष्ट झाल्या.

त्याच सुमारास आमच्या दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचत होते. ज्या काळ्या पाषाणावर आपले डोंगरी किल्ले उभे आहेत, तो त्याच काळचा. त्या संहारात लाव्हाचा वाटा किती, हा वाद आजही मिटलेला नाही. पुढे केव्हातरी त्याच पाषाणावर अशनी आदळून लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर झाले.

याहून मोठे संकट शोधले ते नकळत. १९६३ साली अणुचाचण्यांवर अंशतः बंदी घालणारा करार झाला. कोणी चोरून स्फोट करतो काय हे पाहण्यासाठी अमेरिकेने व्हेला नावाचे उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांना गॅमा किरणांचा झोत दिसला, पण तो पृथ्वीवरचा नव्हता. ही बातमी जगाला १९७३ साली कळली, आणि हे झोत दूरच्या दीर्घिकांतून येतात हे १९९७ साली. माणूस माणसावर पाळत ठेवावयास गेला आणि त्याला ताऱ्यांचे मरण दिसले!

१९९९ साली जेम्स अ‍ॅनिस याने यावरून फर्मीला उत्तर दिले. अ‍ॅनिस ज्या प्रयोगशाळेत होता तिला फर्मीचेच नाव आहे. त्याचे म्हणणे असे, की पूर्वी असे स्फोट वारंवार होत आणि प्रत्येक स्फोट दूरवरच्या ग्रहांवरील जमिनीवरचे जीवन पुसून टाकी. आता ते विरळ झाले आहेत, म्हणून बुद्धिमान जीवांची पाळी नुकतीच सुरू होत आहे.

उत्तर आकर्षक आहे. पण ते पुरते का? झोत काही सेकंदांचा किंवा मिनिटांचा; तो थेट पडतो पृथ्वीच्या अर्ध्याच भागावर. मग ओझोनचे कवच झिजते आणि सूर्याची अतिनील किरणे उरलेले काम करतात, हे खरे. पण खोल समुद्रातले जीव वाचतात. शिवाय मौन समजावयाचे तर संकटाने सर्वांना गाठले पाहिजे. एक जरी निसटला तरी हिशेब मोडतो. आणि संकट नुसते मारीतच नाही. महाकाय सरटांची जागा रिकामी झाली म्हणूनच सस्तन प्राण्यांना वाव मिळाला, आणि त्यांच्यातूनच आपण आलो.

येथे कारखान्यातील एक अनुभव सांगतो. यंत्र धोक्याचे आहे काय, असे केवळ हजेरीला उभे असलेल्यांना विचारले, तर उत्तर फसवे मिळते. ज्यांचा जीव गेला ते हजेरीला नसतात. पृथ्वी चारशे कोटींहून अधिक वर्षे तगली, म्हणून विश्व सुरक्षित आहे, हे अनुमानही तसलेच. आपण जिवंत आहोत म्हणूनच हा प्रश्न विचारीत आहोत.

अपघात झाला की वरचे लोक दैवाकडे बोट दाखवितात. कामगाराने मात्र एकच विचारावयाचे: टाळता आला असता काय? दूरच्या ताऱ्याचा स्फोट आपण टाळू शकत नाही. पण २६ सप्टेंबर २०२२ रोजी डार्ट हे यान डायमॉर्फस या लहानशा पिंडावर मुद्दाम आदळविण्यात आले आणि त्याची प्रदक्षिणा सुमारे अर्ध्या तासाने आखूड झाली. म्हणजे आकाशातील एका अपघाताला तरी अटकाव करण्याची वाट दिसू लागली आहे.

फर्मीने प्रश्न विचारला तो बाँबच्या गावी, हे विसरून चालणार नाही. आकाशाच्या मौनाचे कारण तारे असतील, किंवा आपल्यासारखेच कोणी, ज्यांनी आपल्या हाताने आपला कारखाना पेटवून दिला. पहिल्या कारणापुढे आपला इलाज मर्यादित आहे. दुसऱ्यापुढे तसा तो नाही. तेथे दैवाचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.