नकाशात दिसलेली गरिबी

गावचा नकाशा आपण सर्वांनी पाहिलेला असतो. त्यात शिवार दिसते, ओढा दिसतो, गट नंबर दिसतात. पण कोणत्या घरी दोन वेळा चूल पेटते आणि कोणत्या घरी पेटत नाही, हे काही त्यात दिसत नाही. मंडळी, लंडन शहराचा असा नकाशा एका गृहस्थाने केला होता. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

त्याचे नाव चार्ल्स बूथ. जन्म १८४० चा, गाव लिव्हरपूल, धंदा जहाजांचा. लंडन तेव्हा एका अफाट साम्राज्याची राजधानी. पण तिथे गरीब किती, याचे आकडे जो तो आपल्या मनाने सांगे. बूथने स्वतःच्या खर्चाने मोजणी करायचे ठरवले आणि १८८६ मध्ये कामाला हात घातला.

माहिती पुरवली कुणी म्हणाल? शिक्षक बंधुभगिनींना मौज वाटेल. ती पुरवली शाळा मंडळाच्या माणसांनी! मुले शाळेत का येत नाहीत, हे पाहायला ते घरोघर हिंडत. त्यामुळे बाप काय काम करतो, खोल्या किती, खाणारी तोंडे किती, हे सारे त्यांना ठाऊक असे.

या माहितीवरून बूथने एकेका रस्त्याला रंग दिला. श्रीमंतांना पिवळा, सुखवस्तूंना तांबडा, गरिबांना निळा आणि सर्वांत खालच्या थराला काळा. १८८९ मध्ये पूर्व लंडनचा नकाशा निघाला, १८९१ पर्यंत बहुतेक शहराचा. हिशेब काय निघाला? शंभरात जवळजवळ ३१ माणसे गरिबीत!

आकड्याने डोळे उघडलेच, पण नकाशाने आणखी एक गोष्ट दाखवली. हमरस्त्यावर तांबडा रंग, आणि त्याच्याच पाठीमागे, बंद गल्लीत, काळा-निळा. शेजार होता, पण येणे-जाणे नव्हते. गरिबीच्या कारणांतही दारूपेक्षा अपुरी मजुरी आणि कामाची अनिश्चितीच मोठी ठरली. म्हाताऱ्यांना सरकारने पेन्शन द्यावी, असा आग्रह बूथने पुढे धरला. तसा कायदा १९०८ मध्ये झाला.

पण नकाशालाही मर्यादा असते, बरं का. काळ्या रंगाच्या लोकांना बूथने जवळपास गुन्हेगारांतच जमा केले. रंग दिला रस्त्याला, डाग लागला तिथल्या प्रत्येक माणसाला. ओल्ड निकल ही अशीच एक वस्ती. ती पाडून तिथे नव्या चांगल्या इमारती उभ्या राहिल्या, १९०० मध्ये त्यांचे उद्घाटनही झाले. मात्र उठवलेल्या पाच हजारांवर माणसांपैकी अगदी थोड्यांनाच तिथे घर मिळाले. भाडे परवडेना! बाकीचे आसपासच्या दाटीत शिरले. नकाशावरचा डाग पुसला गेला, गरिबी मात्र पुढच्या गल्लीत गेली.

गुरुजींनी हा प्रयोग शाळेत जरूर करावा. मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्यावा. घरांना रंग देऊ नये. प्रत्येक वाडीपासून, वस्तीपासून पाणी किती पावलांवर, शाळा किती, दवाखाना किती, एवढेच मोजून लिहावे. मग तो कागद ग्रामसभेत मांडावा आणि ज्यांची पावले सर्वांत जास्त भरली, त्यांना आधी बोलू द्यावे.