यंत्र येईपर्यंत

ठाणें जिल्ह्यांतील भाईंदर स्टेशनाच्या पूर्वेस गोडदेव नांवाचें गांव आहे. एके काळीं भातखाचरें व मिठागरें हीच ह्या परिसराची ओळख होती. आज तेथें मीरा-भाईंदर महानगराची दाट वस्ती असून, स्टेनलेस स्टीलचीं भांडीं व लहानसहान यंत्रभाग घडविणारे कारखाने आसपासच्या औद्योगिक गाळ्यांतून चालतात. अशा एखाद्या गाळ्याच्या मालकानें परदेशच्या लेथची मागणी नोंदवावी, विसार भरावा, फरशी फोडून यंत्राचा पाया घालून घ्यावा, आणि विक्रेत्याकडून उत्तर यावें कीं, तयार माल शिल्लक नाहीं, पुढचीं यंत्रें निघतील तेव्हां आपला क्रमांक लागेल; हा अनुभव धातुकामाच्या धंद्यांत नवा नाहीं. बँकेचे हप्ते मात्र कोणाचा क्रमांक लागण्याची वाट पाहत नाहींत. श्रोतेहो, ह्या वाट पाहण्यासहि एक इतिहास आहे, आणि त्याचा बराचसा भाग आपल्या महाराष्ट्रांतच घडला आहे. त्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

एका लेथची एवढी वाट कां पाहावी, असें कोणी विचारील. माग बंद पडला तर कापड थांबतें. परंतु लेथ नसेल तर मागाचा दांडाच घडत नाहीं. फिरत्या धातूवर पोलादी हत्यार टेकवून तिला हवा तो गोल आकार द्यावयाचा, हवे ते आटे पाडावयाचे, हें ह्या यंत्राचें काम. पंपाचा दांडा, इंजिनाचा दट्ट्या, फार काय, दुसऱ्या लेथचा मुख्य स्क्रू, हें सारें लेथवरच तयार होतें. म्हणूनच त्यास यंत्रांची जननी म्हणतात. इंग्लंडमध्यें हेन्री मॉडस्ले ह्या कारागिरानें १८०० च्या सुमारास आटे पाडणारा अचूक लेथ सिद्ध केला आणि तेथील कारखानदारीचा पाया पक्का झाला. त्याच इंग्लंडनें अनेक प्रकारचीं यंत्रें परदेशीं धाडण्यास कायद्यानें बंदी घातली होती. ती १८४३ सालीं उठली. व्यापारावर जगणारें राष्ट्र जी वस्तु विकावयास तयार नसतें, तिचें मोल केवळ किंमतीच्या आंकड्यानें मोजतां येत नाहीं.

गोडदेवच्या उत्तरेस वसईची खाडी आहे. तिच्यावरून बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे रूळ १८६४ सालीं मुंबईस येऊन पोहोंचले. त्या वेळीं सुएझचा कालवा खुला झालेला नव्हता. तो झाला १८६९ च्या नोव्हेंबरांत. तेव्हां ह्या मार्गावरील पुलांचें लोखंडी सामान इंग्लंडांत घडून, आफ्रिकेच्या टोंकास वळसा घालून, महिनोन् महिने प्रवास करून आपल्या किनाऱ्यास लागे. खाडीवर पूल उभा राहिला. परंतु ज्या भट्ट्यांत तो घडला त्या समुद्रापलीकडेच राहिल्या. मागविलेली वस्तु जहाजांतून उतरते, ती घडविण्याची विद्या मात्र उतरत नाहीं, हा त्या काळचा पहिला धडा.

तो धडा ज्यांनीं मनावर घेतला त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचें नांव अग्रभागीं आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते शिक्षक होते. बंधु रामचंद्रराव ह्यांच्यासह बेळगांवीं त्यांनीं सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला. पुढें कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर ते तयार करूं लागले. लोखंडाच्या स्पर्शानें जमीन बिघडते, अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यास नांगर विकणें सोपें नव्हतें. बेळगांवची जागा सोडावी लागली तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळची ओसाड जमीन दिली, आणि १९१० सालीं तेथें किर्लोस्करवाडी वसली.

चारच वर्षांत पहिलें महायुद्ध पेटलें. कच्चें लोखंड परदेशांतून येईनासें झालें. मागणी दारांत उभी, ओतशाळा तयार, आणि ओतावयास लोखंड नाहीं, असा प्रसंग ओढवला. त्या वेळीं लक्ष्मणरावांनीं कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींकडून संस्थानांतील जुन्या, निकामी तोफा मिळविल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले. तोफेचा नांगर झाला, ही गोष्ट ऐकावयास मोठी गोड वाटते. पण तिच्यांतील मर्म निराळें आहे. जहाज येत नाहीं म्हणून कपाळास हात लावून बसणें आणि जहाज येईपर्यंत जवळ काय आहे त्याचा शोध घेणें, हे वाट पाहण्याचे दोन प्रकार आहेत. किर्लोस्करांनीं दुसरा पत्करला.

दुसऱ्या महायुद्धांत हा प्रश्न शतपटीनें वाढला. १९४० च्या जूनमध्यें इटली युद्धांत उतरला आणि भूमध्य समुद्राची वाट व्यापारी जहाजांस जवळजवळ बंद झाली. पुन्हा आफ्रिकेचा वळसा नशिबीं आला. शिवाय इंग्लंड-अमेरिकेचे कारखाने तोफा व विमानें घडविण्यांत गुंतले. ज्यांनीं आधीं इंडेंट पाठविलें होतें त्यांचीहि यंत्रें मागें पडलीं. १९४१ सालीं हिंदुस्थान सरकारनें यंत्रनियंत्रणाचा हुकूम काढला. लेथ, ड्रिलिंग यंत्र, मिलिंग यंत्र ह्यांची आयात, निर्मिति व विक्री परवान्याच्या कक्षेंत आली. आतां नुसता पैसा असून भागेना, आपली गरज युद्धाची गरज आहे असें सिद्ध करावें लागे.

ह्या रांगेचा न्याय कसा होता तें वालचंद हिराचंदांच्या अनुभवावरून दिसतें. सोलापूरच्या ह्या उद्योगपतीच्या मनांत दोन कारखाने होते, एक मोटारींचा व दुसरा विमानांचा. म्हैसूर संस्थानाच्या साहाय्यानें विमानांचा कारखाना बंगलोरास १९४० च्या डिसेंबरांत स्थापन झाला. त्यासाठीं अमेरिकेहून यंत्रसामग्री आली आणि १९४१ च्या उन्हाळ्यानंतर पहिलें विमान तेथें जुळवून तयारहि झालें. मोटारींच्या योजनेस मात्र सरकारनें पाठबळ दिलें नाहीं. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ सालीं निघाली, आणि तिची पहिली मोटार बाहेर पडावयास १९४७ साल उजाडलें. माणूस तोच, समुद्र तोच, विकणारा देशहि तोच. पण विमान राज्यकर्त्यांस हवें होतें आणि मोटार आपणांस हवी होती. यंत्र किती लांबून येणार हें नकाशा सांगतो. तें केव्हां येणार हें रांग लावणारा ठरवितो.

माल धक्क्यास लागला म्हणजे हातीं आला, असेंहि त्या काळीं समजण्याची सोय नव्हती. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ ह्या जहाजावरील दारूगोळ्याचा स्फोट झाला. शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं, जवळचीं जहाजें बुडालीं, गोदामांतील माल जळून गेला. सातासमुद्रांचा धोका चुकवून आलेल्या वस्तूंची अशी उंबरठ्यावर राख झाली.

ह्या टंचाईंतूनच एक नवी गोष्ट उभी राहिली. १९४१ सालीं हरिहर येथें म्हैसूर किर्लोस्कर ह्या कारखान्याची स्थापना झाली व देशांतच लेथ बनविण्याचें काम त्यानें अंगावर घेतलें. येथें एक कोडें होतें. लेथ बनवावयास आधीं लेथ लागतो, आणि तोच तर मिळत नव्हता! हातीं असलेल्या यंत्रांवर नव्या यंत्राचे भाग घडवावयाचे, त्या नव्या यंत्रावर अधिक चांगले भाग घडवावयाचे, असा हा पायरीपायरीचा मार्ग होता. परदेशांतहि कारागीर ह्याच मार्गानें वर चढले होते. स्वातंत्र्यानंतर सरकारनें स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्यानें हिंदुस्थान मशीन टूल्स हा कारखाना १९५३ सालीं बंगलोरास काढला, तो ह्याच जाणिवेनें.

तरी प्रश्न कायमचा सुटला असें मात्र झालें नाहीं. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई झाली आणि आयात-परवान्यासाठीं कारखानदार कचेऱ्यांचे जिने चढूं लागले. १९९१ नंतर तो जाच पुष्कळसा संपला. बाजार खुला झाला, परदेशचीं संगणकनियंत्रित यंत्रें सहज मिळूं लागलीं, आणि हरिहरचा तो जुना कारखाना एकविसाव्या शतकाच्या आरंभीं बंद पडला. आज देशांत उत्तम लेथ तयार होतात; तथापि लागणाऱ्या यंत्रांचा मोठा हिस्सा अजूनहि बाहेरूनच येतो.

आणि समुद्राची वाटहि अजून तीच आहे. १९६७ च्या युद्धानें सुएझचा कालवा आठ वर्षें बंद राहिला. २०२१ च्या मार्चमध्यें ‘एव्हर गिव्हन’ हें एकच जहाज आडवें अडकल्यानें तो सहा दिवस रोधला गेला. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हां अनेक कंपन्यांनीं आपलीं जहाजें पुन्हा आफ्रिकेच्या वळशानें नेलीं. वसईच्या पुलाचें लोखंड ज्या मार्गानें आलें, त्याच मार्गानें युरोपांतलें नवें यंत्र न्हावाशेव्यास येऊं लागलें!

म्हणून गोडदेवच्या गाळ्यांतील रिकाम्या पायाकडे एका दुकानदाराची अडचण एवढ्याच दृष्टीनें पाहूं नये. परदेशचें यंत्र मागविणें ह्यांत कमीपणा कांहींच नाहीं. जगांतील प्रत्येक उद्योगी राष्ट्रानें तें केलें आहे. विचार करावयाचा तो निराळाच. त्या गाळ्यांतील जुना लेथ नीट उघडून, झिजलेला भाग नव्यानें घडवून, अचूक चालविणारा कारागीर आपण जवळ राखला आहे कीं नाहीं? असा कारागीर असेल तर यंत्रास उशीर झाला तरी काम चालू राहतें आणि आलेलें यंत्रहि आपलें होतें. तो नसेल, तर यंत्र वेळेवर आलें तरी त्याच्या पहिल्या मोडक्या सुट्या भागासाठीं पुन्हा समुद्राकडेच डोळे लावून बसावें लागेल.