पाणी उतरल्यावर



वाचक माउली, मातीची भिंत बहुधा पाणी चढताना पडत नाही, उतरल्यावर पडते. आमच्या शिरोळ तालुक्यातल्या कोणाही जाणत्या म्हाताऱ्याला विचारा, तो हेच सांगेल. पुराचे पाणी घराच्या आत आणि बाहेर सारख्या उंचीने उभे असते, तोवर ते भिंतीला दोन्ही अंगांनी धरून असते. आतल्या आत भिंत भिजून लोण्यासारखी झालेली असते, पण ते दिसत नाही. मग पाणी ओसरते, धरणारे हात जातात. वरून दोन दिवस कडक ऊन पडते, बाहेरची कातडी सुकून तडकते, आतला गाभा ओलाच राहतो. माणूस म्हणतो, सुटलो. आणि त्याच रात्री भिंत बसते.

हे मला लहानपणापासून ठाऊक होते. तरी मी चुकलो. ती चूक सांगण्यासाठीच आज लेखणी धरली आहे. पण आधी गावाची गोष्ट सांगतो, म्हणजे घराची कळेल.

शिरोळ तालुका म्हणजे नद्यांचा गोतावळा. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा, चौघींचेही पाणी आमच्या शिवाराला लागते. पंचगंगा तर नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. वाडीच्या दत्तमंदिरात उत्तरेकडून शिरलेले पाणी पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडले की दक्षिणद्वार सोहळा होतो, आणि लोक त्या पाण्यात स्नानाला धावतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वर हलवतात. पुढे देऊळ सगळेच बुडते. पाणी उतरले की गाळ काढून धुतात आणि नित्यक्रम सुरू होतो. ते देऊळ बुडायचे हे धरूनच आहे. आपले घर तसे नसते, आणि हा भेद आपण विसरतो.

आपल्या पूर्वजांना तो कळत होता. जुन्या दप्तरी भाषेत गावाचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीची जागा बहुधा उंचवट्यावर धरलेली असे. तिथल्याच पांढऱ्या मातीच्या भिंती, खाली दगडी जोते, वर लाकडी माळा आणि कौले. नदीकाठची मळी कसायला घ्यायची, तिथे राहायचे नाही. पुराने आणून टाकलेला गाळ मळीत सोने आणि घरात घाण, एवढे साधे शास्त्र. पुढे ऊस आला, पैसा आला, कुटुंबे वाढली आणि घरे पांढरीवरून उतरत उतरत ओढ्याशी गेली. पाटबंधारे खात्याने निळी रेषा आणि लाल रेषा आखल्या ते फार अलीकडचे. आजोबांच्या पायांना ती रेषा आखल्यावाचून ठाऊक होती. धरणातले पाणी कोणी केव्हा सोडावे यावर पुष्कळ वाद झाले आणि चालूच आहेत. ते जाणत्यांनी निवाडावेत. मी घराबद्दल बोलतो.

आमचे घर असेच उतारावरचे. वडिलांनी बांधलेले. वडील नेमस्त वारकरी. साखरे महाराजांच्या सार्थ ज्ञानेश्वरीची त्यांची प्रत देवघराच्या कोनाड्यात असे. तिच्या समासात त्यांनी उभ्या आयुष्याची टिपणे केलेली. तरुणपणीची शाईने, म्हातारपणी हात कापू लागला तेव्हाची शिसपेन्सिलीने. माझी कीर्तने त्या समासावर उभी राहिली, हे कबूल करायला संकोच नाही.

२००५ साली पाणी उंबऱ्याच्या आत आले आणि गेले. तेवढ्यावर आम्ही निर्धास्त झालो. २०१९ च्या नागपंचमीला, म्हणजे ५ ऑगस्टला, पाणी अंगणात होते. पुढल्या काही दिवसांत सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ते ५७ फुटांच्या वर गेले, जिथे धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फूट ७ इंच, तिथे धोका ४३ फुटांना. आमच्या कोनाड्याच्या वर हातभर पाणी होते. आम्ही नावेतून निघालो तेव्हा जनावरांची दावी सोडायची शुद्ध राहिली, पोथीची राहिली नाही.

आठवड्याहून अधिक दिवसांनी परतलो. पोथी फुगून विटेसारखी झाली होती. मी अडाण्यासारखी ती पत्र्यावर उन्हात टाकली. पाने एकमेकांना चिकटली. सावलीत, वाऱ्याला, पानापानांत कोरा कागद घालून वाळवायची असते, हे नंतर एका ग्रंथपालाने सांगितले. तुकोबारायांची गाथा तेराव्या दिवशी कोरडी वर आली, हा प्रसंग मी शेकडो वेळा रंगवून सांगितला आहे. आमची पोथी कोरडी राहिली नाही. कोणाला दोष देऊ? शाईची टिपणे निळ्या डागात विरघळली. शिसपेन्सिलीची मात्र राहिली. थरथरत्या हाताचे अक्षर टिकले.

मग घर. त्या पुरानंतर परजिल्ह्यांतून माणसे झाडू-खोरी घेऊन आली. ना ओळख ना पाळख. त्यांत वारीच्या वाटेवर भेटलेले दिंडीकरी होते, तसे ज्यांनी पंढरी कधी पाहिली नाही असेही होते. उत्तरेकडील भक्तमालेच्या परंपरेत नामदेवरायांच्या झोपडीला आग लागल्याची कथा आहे. गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या एकात शेजारीण विचारते, तुझी झोपडी कोणत्या सुताराने बांधली, मी दुप्पट मजुरी देईन. नामदेव सांगतात की माझा सुतार मजुरी प्रेमाचीच मागतो. मी हे पद कीर्तनात पूर्वी भावार्थाने सांगे. त्या दिवशी गुडघाभर गाळात उभा असताना ते अक्षरार्थाने कळले.

त्या माणसांनी एक युक्ती शिकवली. पाणी उतरत असतानाच गाळ त्याच पाण्याने बाहेर ढकलत न्यायचा. एकदा वाळला की तो फरशी होऊन बसतो, कुदळीशिवाय निघत नाही. पंचनाम्यासाठी आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवायचे, तलाठी येईपर्यंत गाळ राखत बसायचे नाही. भिजलेला सिमेंटचा गिलावा छातीपर्यंत फोडून टाकायचा, कारण तो ओल आत कोंडतो आणि मग भिंतीला लोणा धरतो. चुन्याचा गिलावा श्वास घेतो. दारेखिडक्या उघड्या ठेवायच्या. विहीर उपसल्याशिवाय, औषध टाकल्याशिवाय तोंडाला पाणी लावायचे नाही. आणि भिंत सुकायला पुरता उन्हाळा जाऊ द्यायचा. दसऱ्याला रंग काढायची घाई करणारा पुढल्या वर्षी पुन्हा गवंडी शोधतो.

इथवर बरे चालले होते. चूक पुढची.

पोरगा म्हणाला, जोते वाढवू, खाली दगड घेऊ, काँक्रीटचे खांब उभे करू. मी आडवा आलो. माझ्याजवळ दाखला होता ना! शके १५०६, इ.स. १५८४. नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती जमवल्या, लेखकांच्या हातून चढलेला मळ काढला, पाठ शुद्ध केला, आणि शेवटी बजावून ठेवले की यात कोणी आपली ओवी घालू नये. त्याआधी त्यांनी आळंदीस जाऊन ज्ञानदेवांच्या कंठाला लागलेली अजानवृक्षाची मुळी सोडवली, ही कथा आपण जाणताच. दुरुस्ती म्हणजे आलेला गाळ काढणे, आपले काही न घालणे. हा सिद्धांत मी घराला लावला. वडिलांचे घर जसेच्या तसे उभे राहील, त्याच जोत्यावर, त्याच मातीत. सप्ताहात चारशे माणसांना गप्प बसवणारा बाप घरात कोणाचे ऐकतो? पडलेली गोठ्याकडची भिंत मी हट्टाने मातीचीच घालून घेतली.

२०२१ साली आषाढी २० जुलैला होती. साथीमुळे पालख्या एस. टी. गाडीतून पंढरपुरी गेल्या, आम्ही घरूनच हात जोडले. दोन दिवसांत पावसाने धरले. राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५६ फूट ३ इंचांवर गेले, दोन वर्षांपूर्वीच्याही वर. पुन्हा नाव, पुन्हा शाळेची खोली, पुन्हा गाळ.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी ऊन पडले. भिंतीला हात लावून मी म्हणालो, वाळली. नातू रोजच्या जागी, तिच्याच कडेला निजला. सुनेने दिवेलागणीनंतर त्या भिंतीला कान लावला. मातीचे बारीक कण आतल्या आत निसटताना ऐकू येतात. ती एक शब्द बोलली नाही. अंथरुणासकट पोराला उचलले आणि शेजाऱ्यांच्या ओट्यावर नेऊन निजवले. पहाटे भिंत आत पडली, नेमकी त्या जागेवर.

मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि चोखोबाराय त्याखाली गेले, शके १२६०. नामदेवरायांनी नामाचा ध्वनी ऐकून त्यांच्या अस्थी ओळखल्या आणि पंढरीस आणल्या. हे आख्यान लावले की श्रोते रडत, मीही रडे. पन्नास वर्षांत एकदाही माझ्या मनात आले नाही की ती भिंत का पडली असेल, आणि तिच्याखाली राबणाऱ्या माणसाला कोणी आधी हटवले का नाही. त्या पहाटे ढिगाऱ्यापुढे बसून तेवढेच मनात येत होते.

सून चहा घेऊन आली. मी म्हटले, नाथांचा दाखला मी चुकीच्या जागी लावला. ती म्हणाली, "मामा, नाथांनी पोथीतली ओवी बदलू नका म्हटलं हुतं. पोथी ठेवायची फळी किती उंच असावी, ते न्हवतं सांगितलं."

तुम्ही म्हणाल, इतके झाल्यावर गाव का सोडत नाही? काहींनी सोडले, उंचावर गेले, त्यांचे चांगले झाले. ज्यांना जागा मिळेल त्यांनी खुशाल जावे. त्यात बापाच्या घराचा अपमान नाही. आमची जमीन इथे, जनावरे इथे, आणि दुसऱ्या जागेचा पैसा नाही. म्हणून राहिलो. मनातली माया त्यात नाही असेही नाही.

मग २०२२ च्या उन्हाळ्यात, भिंती पुऱ्या सुकल्यावर, पोराच्या मनाप्रमाणे झाले. जोते तीन फूट चढवले. तीन फुटांनी महापूर अडत नाही, पण २००५ सारखे पाणी बाहेर राहते. छातीपर्यंत दगड, खांब काँक्रीटचे, वर वीट आणि चुन्याचा गिलावा. विजेचा बोर्ड डोक्याच्या वर नेला. जुनी चौकट मात्र तीच बसवली. सागवान फुगले होते, वर्षभर सावलीत वाळवल्यावर सरळ झाले. माळा मोठा केला. जोंधळ्याची कणगी, सात-बारा, रेशनकार्ड, मृदंग, सगळे ज्येष्ठातच वर जाते. पूर्वी देवघराच्या भिंतीवर नुसती हळदीकुंकवाची बोटे होती, आता दोन पुरांच्या रेघा आहेत, सालासकट. पोरे आपली उंची त्यांच्याशी मोजतात. धाकटा अजून पहिल्या रेघेच्या बराच खाली आहे.

पोथी एका जाणत्या बांधणीकाराने पान पान सुटे करून दिली. निम्मी मिळाली. ज्या पानांत शिसपेन्सिलीचे अक्षर आहे ती सुनेने वेगळ्या वहीत उतरवायला घेतली आहेत. माझी नजर आता पुरत नाही. ती वाचते, मी ऐकतो. अडले की विचारते. काल तिने समासातला एक शब्द तीनदा वाचला, दोघांनाही लागला नाही. ती म्हणाली, अंदाजाने लिहू का? मी म्हटले, नको, जागा कोरी सोड.